सूर्यकांत बोकारेंचं इटालियन

सूर्यकांत बोकारे नागपूरच्या महाल भागातले, पण इटलीतल्या कॅलाब्रियातल्या एका खेड्याची बोली ते अशी फाडफाड बोलत, की एखादा इटालियन माणूस चमकून वळून बघे. बघे आणि मग जरा लांब सरके, कारण त्यातले निम्मे शब्द चारचौघांत उच्चारण्यासारखे नव्हते. त्यांचा तरी काय इलाज? ती बोली ते फरशी बसवताना शिकले होते, आणि दिवसभर गुडघ्यांवर रांगणारी माणसं एकमेकांशी अदबीनं बोलत नसतात.

१९७४ साली इंजिनिअरिंगचा डिप्लोमा घेऊन ते टोरांटोला आले. जिथं जावं तिथं कॅनेडियन एक्सपीरियन्स मागत आणि तो द्यायला मात्र कुणी तयार नसे. शेवटी नुन्झिओ नावाच्या फरशीवाल्या मिस्त्रीनं त्यांना हाताखाली घेतलं. नुन्झिओला इंग्रजी येत नव्हतं आणि शिकायची हौसही नव्हती, तेव्हा सूर्यकांतच त्याची बोली शिकले. एकतीस वर्षं दोघांनी शेजारी शेजारी फरश्या बसवल्या. दुपारी नुन्झिओच्या तळलेल्या मिरच्या आणि सूर्यकांतांच्या बायकोच्या, सुनेत्राबाईंच्या पोळ्या एकाच कागदावर मांडल्या जात.

आता नुन्झिओ अठ्ठ्याऐंशीचा, टोरांटोजवळच्या वुडब्रिजच्या एका वृद्धाश्रमात. उशिरा शिकलेलं मोडकंतोडकं इंग्रजी आधी विसरला, मग माणसं, आणि गेले आठ महिने तर तोंडच मिटून बसला होता. सूर्यकांत दर गुरुवारी मिल्टनहून गाडी हाकत जात आणि तासभर त्याच्याजवळ नुसते बसत; त्या बोलीत कामाशिवाय काय बोलायचं ते त्यांना सुचत नसे. बसमधल्या परक्या माणसाकडे बघावं तसा तो त्यांच्याकडे बघे. सूर्यकांतांना ते फार लागे. 

नुन्झिओची मुलगी लोरेदाना एक डॉक्युमेंटरी करत होती, इटलीच्या खेड्यांतून येऊन टोरांटोच्या भिंती आणि जमिनी घालणाऱ्या माणसांवर. सगळं शूटिंग झालं होतं, फक्त ज्याच्यामुळे ती फिल्म सुचली तो बापच त्यात बोलत नव्हता. मुलं पक्की कॅनेडियन व्हावीत म्हणून त्यानं त्यांना आपली बोली शिकवली नव्हती. तिनं फोन केला. "अंकल, तुम्ही बोलून बघा. एक वाक्य मिळालं तरी चालेल. मी त्यांचा आवाज विसरायला लागलेय."

निघताना सुनेत्राबाईंनी बजावलं, "अहो, कॅमेऱ्यासमोर ते तसलं काही बोलू नका हं. उद्या आपल्या निहारची मुलं बघतील ती फिल्म."

म्हणून सूर्यकांत सूट घालून गेले आणि सभ्य वाक्यं जुळवत बसले. तब्येत कशी आहे, जेवण बरं असतं का. त्या बोलीत त्यांनी आयुष्यात कधी असले प्रश्न विचारले नव्हते. नुन्झिओ खिडकीबाहेर बघत राहिला. तास गेला. लोरेदाना माइक काढायला लागली.

सूर्यकांतांनी मान खाली घातली आणि त्यांची नजर जमिनीवर गेली. खिडकीखालच्या फरश्या नुकत्याच बदललेल्या होत्या आणि भिंतीपर्यंत जाता जाता ओळ चांगली दोन बोटं वाकडी झाली होती. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सूट विसरले, कॅमेरा विसरले, आणि त्या बोलीत कडाडले, "कोण्या गाढवानं बसवली बे ही? डोळे घरी ठेवून आला होता काय?" नागपूरचा 'बे' त्यांच्या इटालियनलाही चिकटलेलाच असे. बाकी वाक्य नुन्झिओचंच होतं. पहिलं वर्षभर त्यांनी ते रोज ऐकलं होतं.

नुन्झिओनं मान वाकवली. बराच वेळ फरशीकडे बघितलं. मग घोगऱ्या आवाजात म्हणाला, "तूच बसवलीस. दुसरं कोण? दोरी न धरता सुरुवात केली की असंच होतं."

आणि तो चाळीस मिनिटं बोलला. दोरीवरून बापाच्या शेतावर गेला, शेतावरून बोटीवर, बोटीवरून बंदरात उभ्या असलेल्या आईवर. लोरेदानाला एक शब्द कळत नव्हता, पण ती कॅमेऱ्यामागे रडत होती. पुढे सबटायटल्स सूर्यकांतांनाच लिहावी लागली. शिव्या त्यांनी धुऊनपुसून घेतल्या, गाढव तेवढं राहू दिलं.

त्या दिवशी निघायला ते उठले, तर नुन्झिओनं कोटाची बाही धरली आणि दरडावून काहीतरी म्हणाला.

"काय म्हणाले?" लोरेदानानं विचारलं.

सूर्यकांतांनी बाही सोडवली नाही. "उद्या सहाला ये म्हणतो. उशीर नको. आणि बायकोच्या पोळ्या चार आण, दोन त्याच्या."

दुसऱ्या दिवशी सुनेत्राबाई न कुरकुरता पहाटे उठल्या. सहाच्या ठोक्याला सूर्यकांत डबा घेऊन वृद्धाश्रमाच्या दारात उभे होते. काउंटरवरच्या मुलीनं गोड आवाजात सांगितलं, व्हिजिटर्सना दहानंतर सोडतात.

"आय ॲम नॉट अ व्हिजिटर," सूर्यकांत म्हणाले. "आय वर्क विथ हिम."