सेपरेटचं बटण

मुरूम गावच्या डाळमिलमध्ये चन्नम्मा आणि मी समोरासमोर बसून तूरडाळ निवडायचो. म्हणजे निवडायची ती. माझे हात कमी आणि तोंड जास्त चालायचं. एक खडा तिच्या नजरेतून सुटायचा नाही, आणि याचा मला रागच यायचा.

यंदा मालक गौरीशंकर यांनी डाळ साफ करायचं यंत्र आणलं. बटणांवर सगळं इंग्रजी. "जिला चालवता येईल ती राहील," मालक म्हणाले. "दोघींना काम पुरायचं नाही." चन्नम्माच्या घरी कमावणारं दुसरं कुणी नाही. पण ती चौथी शिकलेली, मी सातवी. मी निवांत होते.

तिची नात शिवप्रिया कॉलेजात जाते. तिनं आजीला बटणं कागदावर काढून दिली. मधलं 'सेपरेट', म्हणजे वेगळं करणं. "नुसतं सेपरेट म्हणून भागत न्हाय, आज्जी. कशातून काय, ते सांगावं लागतं." मग काय, बाईनं घर डोक्यावर घेतलं. लोणी काढताना सेपरेट, शेंगा सोलताना सेपरेट.

चाचणीला आधी मी उभी राहिले आणि 'सेपरेट' तेवढं सोडून बाकीची सगळी बटणं दाबली. चन्नम्मानं बरोबर तेच दाबलं. यंत्र घरघरलं, डाळ बाहेर आली, पण कचऱ्याचा डबा रिकामाच. मालकांनी यंत्राला दोन थापा मारल्या आणि मेकॅनिकला फोन लावायला निघाले.

"यंत्र चांगलं हाय, मालक," चन्नम्मा खाली मान घालून म्हणाली. "म्याच सकाळी येऊन डाळ निवडून ठिवली. नव्या यंत्रात खड्याची डाळ घालायची लाज वाटली."

मालकांना हसू आवरेना. "अहो, मग त्यानं वेगळं काय करायचं?"

तिनं पदराची गाठ सोडली. सकाळी वेचलेले खडे त्यातच होते. ते तिनं एकेक करून डाळीत परत टाकले. जन्मभर उलटंच काम केलेलं. मग डाळ पुन्हा यंत्रात ओतून तिनं बटण दाबलं आणि डब्यात खडे टणटण वाजले. सगळा राग विसरून मला भरून आलं.

"तुम्ही राहा," मालक म्हणाले.

"हंगामात दोन पाळ्या लागत्यात. दीपमालाला म्या शिकविते, तिलाबी ठिवा," चन्नम्मा माझ्याकडं बोट करून म्हणाली.

मालक "बरं" म्हणाले.

माझ्या पहिल्या पाळीला ती शेजारी उभी होती. डाळीत एक खडा दिसला आणि माझा हात आपोआप पुढं गेला. चन्नम्मानं माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे. त्याच्यासाठीच बटण हाय."