सहाला बंद पडणारा सर्व्हर

माणूस जातो, पण त्याचं काम मागे उरतं. आमच्या तळोज्याच्या कारखान्यातले कॉम्प्युटर ऑपरेटर वारले आणि त्यांचं काम रोज संध्याकाळी सहाला बंद पडू लागलं. गेटपासचा सर्व्हर थांबायचा, फाटकावर ट्रक अडकायचे. साहेबांनी नारळही फोडून पाहिला. मग "त्या ऑपरेटरनेच काहीतरी घोळ घालून ठेवलाय" असं ठरलं. त्या जागेसाठी त्यांच्या मुलीने केलेला अर्ज बाजूला पडला.

दुरुस्तीला बाहेरून एक पन्नाशीचे गृहस्थ आले. सर्व्हरवरचं कुंकू बघून त्यांनी चपला बाहेर काढल्या. लिनक्सच्या काळ्या पडद्यावरच्या नोंदी त्यांनी ओळीखाली बोट धरून, पोथीसारख्या वाचल्या.

"संध्याकाळी लॉगआउट कोण मारतं?"

"मीच. साहेबांची नवी शिस्त."

"प्रोग्रॅम गेलेल्या ऑपरेटरच्या लॉगिनमधून सुरू होतो. लॉगआउट केलं की तोही बंद. ते करतच नसणार."

"नाही. नुसता मॉनिटर बंद करून घरी जायचे."

"म्हणजे ते इथून कधी पूर्ण निघालेच नाहीत," ते हळू म्हणाले.

मी त्यांना मुलीच्या अर्जाचं सांगितलं. त्यांनी प्रोग्रॅम असा बसवला, की कुणी लॉगिन न करताही तो चालत राहील. रिपोर्टात 'चूक कोणाची' या रकान्यात 'कोणाचीही नाही' असं ठळक लिहिलं. चपला घालताना त्यांनी विचारलं, "लागेल ना आता पोरगी?" मी हो म्हणालो.

सर्व्हर त्यानंतर एकदाही थांबलेला नाही. तो आता माणसाशिवाय चालतो, म्हणून साहेबांनी ती जागाच रद्द केली.