वस्तरा शिकवणारे चाचा

चाचा कोणालाही भेटले की आधी त्याच्या गालाकडे पाहायचे. मान जराशी तिरपी करून, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर उभा राहून माणूस शेताचा उतार पाहतो तसं. "याच्या केसाचा उतार कानाकडे हाय," असं स्वतःशीच म्हणायचे आणि मग त्याची ख्यालीखुशाली विचारायचे.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर किरटं आहे, ऱ्हस्व-दीर्घ कधी साधलं नाही. कोणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं.

आमचं गाव दर्यापूरपासून जीपने अर्ध्या तासावर. चाचा तिथून दर बुधवारी आणि शनिवारी यायचे आणि घरोघरी दाढ्या करायचे. आधी त्यांना पैशाऐवजी सालाचे दाणे, म्हणजे वर्षाकाठी धान्य मिळत असे. कापूस लागोपाठ बुडायला लागला तसे दाणे बंद झाले, माणसं बाहेर गेली. आमचे हेसुद्धा पुण्याला वॉचमन म्हणून गेले. चाचांचं येणं मात्र चुकलं नाही. माझ्या सासऱ्यांची, म्हणजे मामाजींची दाढी तीस वर्षं त्यांनीच केली.

मग मामाजींना लकवा झाला. एक गाल लोंबला, ओठ वाकडा झाला. डॉक्टरांनी रक्त पातळ करायची गोळी दिली आणि बजावलं की कुठे कापू देऊ नका, रक्त लवकर थांबणार नाही. त्याच साली चाचांचा उजवा हात थरथरायला लागला. एका शनिवारी वस्तरा मामाजींच्या हनुवटीला लागला. जखम तांदळाच्या दाण्याएवढी, पण सकाळी लागलेलं दुपार टळेपर्यंत वाहत होतं. चाचा तुरटीचा खडा दाबून तसेच बसून राहिले. रक्त थांबल्यावर सासूबाईंना म्हणाले, "भाभी, माझा हात गेला. आता मी वस्तरा लावत नाही."

महिनाभर दाढी वाढली. वाकड्या ओठातून लाळ त्यात झिरपायची. खाली कातडी लाल होऊन फोड आले. प्लॅस्टिकचं रेझर आणलं, ते केसात अडकून ओढायचं. दर्यापूरहून एक सलूनवाला आणला, तर मामाजींनी तोंड भिंतीकडे फिरवलं. ओट्यावर येऊन बसणंही त्यांनी सोडलं.

एका बुधवारी चाचा आले, मामाजींकडे पाहिलं आणि दाराआड उभ्या असलेल्या मला म्हणाले, "तू शीक."

मला वाटलं, दुसऱ्या कोणाला म्हणत आहेत. "चाचा, मी? मी मामाजींसमोर चौदा वर्षांत डोक्यावरचा पदर पडू दिला नाही. त्यांच्याशी बोलतही नाही."

"मंग पदर धरशीन का वस्तरा धरशीन, ते ठरव. बाकी मी पायतो."

सासूबाई हसल्या. त्या हसल्या म्हणून मी शिकले.

पहिले धडे वांग्यावर. भरताच्या मोठ्या वांग्याला साबणाचा फेस लावायचा आणि वस्तऱ्याने तो असा काढायचा की सालीवर ओरखडा दिसू नये. पहिल्या दिवशी सहा वांगी होती, सहाही फाटली.

"काय करून राहिली व? भाजी चिरून राहिली काय?"

चूक तीच होती. माझा हात विळीवरचा, त्याला उभ्या पात्याची सवय. मग चाचांनी विचारलं, "वखर हाकललं कधी?"

हाकललं होतं. हे पुण्याला गेल्यापासून मीच हाकलत होते. वखराच्या खालच्या लोखंडी पात्याला पास म्हणतात.

"वखराची पास उभी झाली तं काय होते?"

"जमिनीत घुसते."

"अन् सपाट ठेवली तं?"

"वरचं गवत छाटत जाते."

"मंग मले काय विचारतं?"

तिथून माझा हात वळला. फाटलेल्या वांग्यांचं रोज भरीत व्हायचं. सासूबाई म्हणायच्या, "पोरी, लवकर शीक, मले आता वांगं पाहून मळमळते." एक दिवस वांगी धुतली तर सगळी जशीच्या तशी चकचकीत. मला इतका आनंद झाला की ती टोपली मी शेजारच्या दोन घरी दाखवून आले.

तुम्हीही कधी भरलेल्या जीपमध्ये बसलात तर पाहा. कोणाचे केस गळ्यावर वर चढतात, कोणाच्या हनुवटीखाली भोवरा असतो. मी पुरुषांसमोर मान वर न करणारी बाई, पण त्या दिवसांत चाचांसारखी दर्यापूरपर्यंत सगळ्यांचे गळे पाहत जायची. एका माणसाने शेवटी तोंडाला रुमाल बांधला.

वांग्यानंतर चाचांनी स्वतःची हनुवटी पुढे केली. मी तीनदा कापलं. तिसऱ्यांदा वस्तरा गालावर असतानाच मी थांबले आणि म्हणाले, "अगंबाई, लागलं का?"

"थांबली म्हणून लागलं. भेलेला हात कापते, बेटी. उचलाचा तं पुरा उचल." तुरटी फिरवून चाचा आरशात पाहत म्हणाले, "तीन. वांग्यापेक्षा मी मजबूत हाय."

पुढच्या चार दाढ्यांत त्यांना एकदाही लागलं नाही. मग मामाजींचा दिवस आला.

सासूबाईंनी माझा पदर स्वतःच्या हाताने डोक्यावरून काढला आणि कमरेला खोचला. म्हणाल्या, "आज तू लेक." मी कात्रीने केस कापले, गरम पाण्याचा कपडा ठेवला, फेस केला. चांगल्या गालावर वस्तरा ठेवला आणि खर्र असा आवाज आला. तो आवाज माझ्या हातातून निघतो आहे, यावर विश्वास बसेना. तो गाल झाला. गळा झाला. हात पाण्यासारखा चालला होता.

लोंबलेल्या गालापाशी अडलं. तिथे मोठी सुरकुती होती, बाहेरून ताणली तरी सुटत नव्हती आणि मामाजींना गाल फुगवता येत नव्हता. मी विचारायला मागे वळले. चाचा खोलीत नव्हते.

 मग मी अंगठा धुतला आणि म्हणाले, "मामाजी, तोंड उघडा."

चौदा वर्षांत त्यांच्याशी बोललेलं माझं ते पहिलं वाक्य. त्यांनी तोंड उघडलं. मी आतून अंगठ्याने गाल बाहेर रेटला, सुरकुती सपाट झाली आणि वस्तरा फिरवताना मी थांबले नाही.

पांढरा कपडा फिरवला. कपडा पांढराच निघाला. मामाजींनी चांगल्या हाताने दोन्ही गाल चाचपले, सासूबाईंकडे हात केला आणि उठवून ओट्यावर नेऊन बसवायला लावलं.

चाचा त्यानंतर आमच्या गावात आले नाहीत, अकोल्याला लेकीकडे राहायला गेले. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच सकाळी. मामाजींना कुठे लागलं नाही हे सांगायला म्हणून मी तशीच, उघड्या डोक्याने गल्लीच्या टोकापर्यंत धावले. ते जीपच्या थांब्याकडे पाठमोरे चालले होते. दोन्ही हात पाठीमागे होते आणि डाव्या हाताने उजवा घट्ट धरून ठेवला होता.