मातबरची बैठक

मातबर सिंग पहाटे पाचला घोंगडीवर बसे आणि सहापर्यंत घर पेटलं तरी उठत नसे. तेवीस वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. म्हणून तो शांत झाला असेल असं कुणी समजू नये. उत्तरकाशीच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या गावात त्याच्याइतका तिरसट माणूस दुसरा नव्हता. बायको बचनी तर तोंडावर म्हणे, एवढं दळण दळलं, पीठ कुठे गेलं देव जाणे.

ही बैठक त्याला गंगेकाठच्या एका म्हाताऱ्या साधूनं लावली होती. तरणा असताना मातबरनं भांडणात धाकट्या भावाचा, कुंदनचा, जबडा फोडला होता. साधूनं ना मंत्र दिला ना आशीर्वाद. रोज तासभर बस, श्वास बघ, काहीही झालं तरी उठू नकोस, एवढंच सांगितलं.

कुंदनसारख्या हलकटाला तेवढं पुरे होतं. दोघांच्या शेतांमध्ये शिवेचा दगड होता, ओडा. मातबरनं डोळे मिटले की हा खिडकीखालीच पहार घालून ओडा चार बोटं सरकवायचा. खणखणाट आत ऐकू येई. मातबरची कानशिलं तापत, मुठी वळत, पुन्हा तो श्वासाकडे येई. पंचांशिवाय ओड्याला हात लावणं पाप, परत जागेवर ठेवायला लावला तरी पापच. आणि दोन्ही घरचा चहा पिणारे पंच विचारत, डोळ्यांनी पाहिलंस का? मातबर खोटं बोलत नव्हता. दोन वर्षांत अक्रोडाचं झाड पलीकडे गेलं, मग राजम्याचा तुकडा जायला लागला. बचनीनं त्याच्याशी बोलणं टाकलं.

एका सकाळी पहार निसटली आणि ओडा कुंदनच्या पायावर आला. तो किंचाळला. मातबर साडेपाचलाच उठला. त्यानं दगड लोटला, भावाला पाठुंगळी घेतलं आणि मोटाररस्त्याकडे उतरू लागला.

अर्ध्या वाटेत कुंदन कण्हत म्हणाला, "म्हणजे उठता येतं तर तुला, भैजी. मग इतके दिवस का नाही उठलास? घाबरत होतास?"

"हो," मातबर धापा टाकत म्हणाला. "उठलो असतो तर तुला जिवंत सोडलं नसतं."

कुंदननं त्याच्या गळ्याभोवतीचे हात सैल केले. पण पुढे उतार होता, पुन्हा घट्ट धरावे लागले.