हात तेवढे मावशींचे

"मावशी, तुम्ही जरा पिठाच्या खोलीत बसता का?"

मॅडम असं म्हणाल्या तेव्हा माझे दोन्ही हात परातीत होते. त्यांचा सोलापुरात कडक भाकरीचा धंदा. मी तेव्हा त्यांच्याकडं सतरा वर्षं भाकरी थापत होते. त्या दिवशी जाहिरातीचं शूटिंग करायला पुण्याहून माणसं आली होती. कॅमेरा, दिवे, सगळं. मी ठेवणीतलं इरकल नेसून आले होते.

"का वो?" मी विचारलं.

"आपली डाएटची भाकरी आहे ना. तुम्ही दिसलात तर लोक म्हणतील, हेच खाऊन ही अशी झाली."

सगळ्या हसल्या. शेजारी बसणारी शबाना पण हसली. मी गुडघ्यावर हात टेकून उठले. एका दमात उठता येईना, तेव्हा परत कुणीतरी हसलं.

पिठाच्या खोलीत पोत्यावर बसले. बाहेर माझ्या जागेवर मॅडमची भाची बसली. बारीक पोरगी. तिची भाकरी तीनदा फाटली. मग हाक आली, "मावशी, या हो. हात तेवढे घेऊ तुमचे."

मी गेले. का गेले, ते आजही सांगता येत नाही. तोंड कॅमेऱ्याच्या बाहेर ठेवून भाकरी थापली. पापडासारखी पातळ. हात माझे, हसणारं तोंड भाचीचं. मोबाईलवर जाहिरात बघून माझी सून म्हणाली, "आत्या, ह्या बांगड्या तुमच्यासारख्याच हायत की." मी उठून मोरीत गेले आणि हात धूत बसले.

त्या महिन्यात गुडघे फार दुखले. सरकारी दवाखान्यात नर्सबाईनं काट्यावर उभं केलं. वाटलं, आता ही पण हसणार. ती हसली नाही. काय काय खाता, विचारलं. सांगितलं. सकाळी चहा-खारी. दहाला चहा-बिस्कीट. दुपारी चुली पेटत्या असतात, म्हणून एका हातानं वडापाव. चारला परत चहा, साखर जास्त, नाहीतर हात चालत नाहीत. रात्री पोटात आग पडते, मग ताटभर भात आणि लगेच आडवी.

"आजी, काम काय करता?"

"भाकरी करते."

"आणि खाता कधी ती?"

माल खायचा नाही, हा मॅडमचा नियम. तुटलेली भाकरीसुद्धा चुऱ्यात जाते आणि चुरा विकला जातो. घरी गेल्यावर मला परातीचं तोंड बघवत नव्हतं. सतरा वर्षं लोकांच्या पोटाची काळजी केली आणि माझं पोट खारीनं भरलं. हसणाऱ्यांचा राग होताच. स्वतःचा जास्त आला.

दुसऱ्या दिवशी फडक्यात घरची भाकरी बांधून नेली. मेथी, शेंगाची चटणी, कांदा. एक वाजला. परात बाजूला सारली, भिंतीला टेकून जेवायला बसले.

"मावशी, हे काय? ऑर्डर आहे."

"संध्याकाळी अर्धा तास जास्त थांबते. पण जेवणार बसूनच."

"उद्यापासून येऊ नका म्हटलं तर?"

"मग भाचीला बसवा परातीवर."

मी भाकरीचा तुकडा मोडला. ह्या वयात दुसरं काम कोण देणार? पण उठले नाही. मॅडमच निघून गेल्या.

रिक्षा सोडली. चालत यायला लागले. पहिले आठ दिवस वाटेत तीनदा बसायचे. शबाना म्हणाली, "मावशी, तुमच्याआधी कासव पोचंल की."

"पोचू दे. त्याला काय भाकऱ्या थापायच्या हायत?"

साखर सोडली तेव्हा चार दिवस डोकं ठणकलं. रात्रीचं जेवण दिवेलागणीला आणलं, त्यावरून घरात भांडणं झाली. दोन महिने काटा हलला नाही. मग जरा उतरला, तो दिवाळीत परत वर गेला. वर्ष लागलं. मी काही फार बारीक झाले नाही, पण अंग उतरलं, उठताना आता हात टेकावा लागत नाही.

परवा मॅडम आल्या. मोबाईलमध्ये माझा जुना, हळदीकुंकवाचा फोटो. "मावशी, हा आधीचा. एक आत्ताचा काढू. खाली लिहू, आमची भाकरी खाऊन पडलेला फरक. ह्या वेळी तोंडासकट!"

"तुमची भाकरी खायला बंदी हाय की मला."

"अहो, जाहिरातीत एवढं कोण बघतं?"

"मी बघते."

त्यांचा चेहरा बदलला. "नीट विचार करून सांगा. परातीवर बसायला बायका पुष्कळ मिळतात."

मी चौथी शिकले. विचार करायला मला फार वेळ लागत नाही. जाड होते तेव्हा माझं तोंड लपवलं, आता ह्यांना तेच विकायला पाहिजे. अंग माझं आहे. जाड होतं तेव्हाही माझंच होतं, आणि त्या दिवशी मी पिठाच्या खोलीत जायला नको होतं. ते एकदा झालं, परत नाही.

फोटो देणार नाही. उद्यापण एक वाजता परात बाजूला सारणार आणि जेवणार. कालपासून शबाना पण डबा आणतेय. मला कामावरून काढायचं असेल तर मॅडमनी त्याच वेळी यावं, समोर उभं राहून सांगावं. तोंडातला घास नीट चावून, गिळून मग मी उत्तर देईन.