शेवटच्या विहिरीपलीकडची वाळू

वाळवंटात जाऊन आलेल्या माणसाने लिहिलेलं काही हाती लागलं, की मी ते सोडत नाही. मासिक असो, नाहीतर वाण्याच्या पुडीचा कागद. शाळा पाचवीतच सुटली, त्यामुळे वाचतो सावकाश, ओठ हलवत. सगळे थोड्याफार फरकाने एकच लिहितात. तहान लागली, वाट चुकली, दातांत वाळू कचकचली, घरी आल्यावर मात्र चैन पडेना म्हणून पुन्हा गेलो. का गेलो, ते कुणालाच धड सांगता येत नाही. मला त्यांचं हसू येत नाही. मलाही एकदा तिकडची ओढ लागली होती, आणि तेव्हा मी पिंपरीच्या निर्वासित कॅम्पात, एका बराकीतल्या बाजेवर डोळे बांधून पडलो होतो.

मी कोकणातला, खाडीकाठचा. देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. पिंपरीच्या माळावर औषधाच्या कारखान्याचं बांधकाम चालू होतं, तिथे बिगारी म्हणून लागलो. एकदा कळीचा चुना भिजवताना टाकी उसळली आणि उकळता चुना तोंडावर आला. कुणीतरी ओरडलं, "चोळू नको!" पण तोवर मी दोन्ही मुठींनी डोळे चोळले होते.

मी राहायचो एका सिंधी जोडप्याकडे. फाळणीत घरदार सोडून आलेली म्हातारी माणसं. लष्कराच्या जुन्या बराकीत त्यांना एक खण मिळाला होता, त्यात गोणपाटाचा पडदा लावून त्यांनी मला कोपरा दिला होता. म्हाताऱ्याला मी दादा म्हणायचो, म्हातारीला अम्मा. त्यांचं बोलणं हिंदीमिश्रित. इथे मी ते माझ्या भाषेत लिहितोय. अपघात झाल्यावर मला वाटलं, आता ही माणसं बिऱ्हाड उचलायला सांगणार. कामाविना पडलेला परजातीचा पोरगा कोण ठेवून घेईल? पण अम्माने माझी बाज पडद्यामागून काढून खिडकीखाली आणली आणि म्हणाली, "इथे वारा लागेल, पुट." पुट म्हणजे मुलगा.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "पापण्या आतून बुबुळाला चिकटायला बघतात. रोज सोडवाव्या लागतील." म्हणजे रोज सकाळी अम्मा मला हाताला धरून नेणार, आणि कंपाउंडर मलम लावलेली काचेची कांडी पापणीखाली घालून फिरवणार. त्याविषयी इतकंच लिहितो, की मी खुर्चीचा हात दातांनी चावला होता. मग पुन्हा पट्टी, पुन्हा अंधार. अंधारात एकच विचार. डोळे गेले तर खायचं काय, आणि आईकडे परत जायचं कसं? तिला कळवलंच नव्हतं.

भोसरीचा एक सोबती भेटायला आला. दारातूनच म्हणाला, "काय राव, नवरदेवाला मुंडावळ्या जरा खालीच बांधल्यात की!"

"बस. कामावर काय म्हणतायत?"

"काय म्हंत्याल? मुकादम म्हनतोय, दिसायला लागलं तर ये म्हनावं."

"आणि नाही लागलं तर?"

"त्ये न्हाई बोलला." थोडा वेळ त्याच्या विडीचा वास आला. मग तोच म्हणाला, "लागंल की. न लागाया काय झालं?" आणि निघून गेला. त्याच्या वहाणांचा आवाज पार रस्त्याच्या मोरीपर्यंत ऐकू आला.

त्या दुपारी मी रडलो. पट्टी ओली करायची नव्हती, पण रडलो. दादा बाजेच्या पायथ्याशी बसून होते. समजूत काढायचा त्यांचा स्वभाव नव्हता. ते आपले त्यांच्या दुकानाचं सांगू लागले.

त्यांचं गाव वाळवंटाच्या तोंडावर. गावाबाहेर एक विहीर, त्यापुढे कित्येक कोस पाणी नाही. विहिरीशेजारी दादांचं दुकान. गूळ, चणे, तंबाखू, दोर. आत शिरणारा प्रत्येक जण तिथे पखाल भरायचा आणि बाहेर येणारा तिथेच उंटावरून उतरायचा.

"व्यापारी असेल तर गोष्ट वेगळी," दादा म्हणाले. "त्याचं पोट आहे. पण बाकीचे? गोरे साहेब यायचे, साधू यायचे, शहरातले शिकलेले यायचे. बाहेर आले की पहिल्यांदा पाण्यात तोंड घालायचे. मग तासभर गप्प. आणि मग अशी बडबड सुटायची, की माझं गिऱ्हाईक खोळंबायचं!"

"काय सांगायचे?"

"काही नाही म्हणायचे. तिथे काही नाही, काही नाही. आणि डोळे असे चमकायचे, जणू मिठाई खाऊन आलेत."

"तुम्ही आत गेला होता?"

"मी? मला काय मरायचं होतं? दुकानाचं तोंडसुद्धा मी गावाकडे ठेवलं होतं. वाळूकडे माझी पाठ. आता मात्र रोज तीच दिसते. गाव नाही दिसत. वाळू दिसते."

काही नाही. ते शब्द माझ्यात असे उतरले, जशी आजारात गोळी उतरावी. मी कोकणातला. माझ्या आठवणीत जिकडे बघावं तिकडे काहीतरी होतं. माड, होड्या, शेवाळ, आईचं लाल काठाचं लुगडं. अंधारात पडून मी त्यातलं एकेक गमावत होतो. पण ज्या मुलखात बघायलाच काही नाही, तिथे माझं काय जाणार होतं? तिथे डोळस आणि आंधळा सारखेच. मी दादांकडून ती वाळू मागून घ्यायला लागलो. वाऱ्याने तिच्यावर वळ्या कशा पडतात, पाऊल कसं बुजतं, दुपारी ती कशी तापते. ऐकता ऐकता मी तिथे जाऊन बसायचो. कुणी काही विचारत नसे, भीती वाटत नसे. आयुष्यभर धास्तावलेल्या माणसाला हे केवढं वाटलं असेल!

मग एका सकाळी मी दवाखान्यात जायला नकार दिला.

"दुखतं," मी म्हणालो. "आणि काय उपयोग? राहू दे असंच. मला चालेल."

"काय चालेल?" अम्माने विचारलं.

"आंधळा राहिलो तरी. दादांच्या वाळवंटात कुठे काय बघायचं असतं?"

अम्मा माझ्यावर नाही, दादांवर कडाडली. "ऐकलंत? पोराला आंधळं राहायला शिकवताय! त्या बाहेर आलेल्यांचं सांगता. जे आलेच नाहीत त्यांचं का नाही सांगत? विहिरीवर त्यांच्या बायका येऊन बसायच्या, त्यांना भाकरी मी द्यायची. तुम्ही तंबाखू तोलत होता!"

दादांचा हात माझ्या खांद्यावर आला. "खरं आहे तिचं. आवडलं म्हणणारे सगळे परत आलेले होते, बेटा. त्यांना ठाऊक होतं की विहीर आहे. ऊठ."

"तुम्ही सांगाल ना पुढचं?"

"नाही. आता नाही."

ती वाळू माझ्यापासून हिरावून घेतल्याचं दुःख कांडीच्या दुखण्याहून मोठं होतं. दोघांनी दोन बाजूंनी धरून मला नेलं. तेव्हापासून रोज दोघंही यायची. कांडी फिरताना अम्मा माझं कपाळ घट्ट धरायची, आणि दादा कोरड्या आवाजात फक्त "झालं, झालं" म्हणायचे. झालेलं नसायचं.

पट्टी कायमची सुटली त्या दिवशी डॉक्टरांनी खिडकी अर्धी लोटून घेतली. आधी नुसता पांढरा उजेड. मग त्यात एक काळी रेघ आली, ती गज झाली.

"काय दिसतं?" डॉक्टर.

"गज. खिडकीचे."

अम्माने हुंदका दिला. डॉक्टरांनी माझा उजवा डोळा तळहाताने झाकला. "आता?"

मी खूप वेळ बघत राहिलो. घाई केली तर जे येणार आहे ते येणार नाही, असं वाटत होतं.

"आता?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो.

"एक वाचला, ते पुष्कळ," ते म्हणाले. पुष्कळच होतं. मी त्यांच्या पाया पडलो, कंपाउंडरच्याही पडलो.

परतताना मी मधेच थांबून उजवा डोळा झाकून पाहिला. थोडं चाललो, पुन्हा झाकून पाहिला. दादांनी तोंड दुसरीकडे केलं. अम्माने मात्र माझा हात खाली ओढला.

"पुरे," ती म्हणाली. "समोर बघ."

समोर नव्या रस्त्यासाठी खडी पसरत होते. मी तिचा हात सोडला नाही. एकेक दगड बघत, अंतर चुकत, ठेचकाळत, मी घरापर्यंत चाललो.