लालला लाल

"लालला लाल तार, काळ्याला काळी! शाळेतलं पोर बी सांगंल!"

"म्हणून मला न इचारता पेटी उघडली?"

"उघडली. तुझी लाज राखायला उघडली. उलटी तार कुणी बघितली असती तर?"

"पेटीच्या आत कोण बघतंय, आबा? ऐकलं मात्र सगळ्या सणसर गावानं. भजनात चंद्राबाईंचा आवाज विहिरीतनं यावा तसा! अन् बोलणी मी खाल्ली."

पणदऱ्याच्या चौकातल्या मांडव-स्पीकरच्या दुकानात महिपती आणि त्याची लेक योगिनी समोरासमोर उभे होते. मधे स्पीकरची उघडी पेटी.

"सोमवारी बारामतीच्या कंपनीत नोकरीला बोलावलंय मला," योगिनी म्हणाली. "माझ्या कामाला माघारी हात लावणार असाल, तर जाते मी."

महिपतीनं सायकलला कर्णा बांधून धंदा सुरू केला, तेव्हा विजेचा भरवसा नसे. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर अॅम्प्लिफायर चालायचा. एकदा घाईत तारा उलट्या लागल्या, भसकन धूर निघाला आणि नवरदेव गाण्याविनाच मांडवात शिरला. त्या दिवसापासून 'लालला लाल' हा त्याचा धर्म झाला. लग्नघरी पंगतीत बसला, तरी मधेच उठून तारा चाचपून यायचा. वाढपी हसायचे, पण त्याची वाट बघत थांबायचेही. पेट्या तो स्वतः बनवायचा. खाली मोठा स्पीकर, वर बारीक सुरांसाठी टुटर, टुटरकडं जाड सूर जाऊ नयेत म्हणून एक कंडेन्सर. एवढ्यावर केस पिकले.

पण अलीकडच्या दणकट अॅम्प्लिफायरपुढं टुटर जळू लागले. तेव्हा डिप्लोमा करून आलेल्या योगिनीनं दोन्ही स्पीकरना कॉइल आणि कंडेन्सरची एकेक जोडी बसवली. जाड सूर खाली, बारीक सूर वर. टुटर वाचले.

"ही बॅटरी न्हाय, आबा. हितं करंट सारखा पुढं-मागं होतोय. टुटरकडची जोडी त्याला पुढं ढकलती, मोठ्याकडची मागं ओढती. मधल्या सुरावर एकाचा पडदा बाहेर येतो, तवा दुसऱ्याचा आत जातो. एकमेकाचा आवाज खात्यात. म्हणून टुटरच्या तारा उलट्या लावायच्या, म्हंजे दोघं संगं हलत्यात."

"मग माझ्या जुन्या पेट्या कशा वाजल्या?"

"त्यात एकच कंडेन्सर व्हता. एवढी ओढाताण नव्हती. तवा तुमचं बरोबरच व्हतं."

तवा. तो एवढासा शब्द महिपतीच्या जिवाला लागला.

इतक्यात सणसरच्या भजनी मंडळाच्या चंद्राबाई पायऱ्या चढून आल्या. "महिपतराव, ह्या पोरीनं भर मंडपात माझा गळा दाबला बगा. नवरात्रात इंदापूरचा साउंड सांगू का? आज काय ते ठरवूनच जाणार."

योगिनीनं मंडळाच्या तालमीत फोनवर रेकॉर्ड केलेली चंद्राबाईंची एक गवळण पेटीतून लावली. टाळ खणखणीत, मृदंग घुमला, आणि मधे चंद्राबाई कुठल्या कुठं!

महिपती ऐकत राहिला. हा आवाज त्यानं कितीतरी वर्षं गावोगावी पोचवला होता. त्यानं डाक द्यायचा काविया तापवला, टुटरच्या दोन्ही तारा सोडवल्या. क्षणभर हात थांबला. मग लाल टोकाला काळी, काळ्याला लाल. धूर निघाला तो फक्त डाकाचा.

तीच गवळण पुन्हा लावली. चंद्राबाई जणू पेटीतून उठून समोर येऊन बसल्या.

"हां! ही मी!" त्यांनी टाळी वाजवली. "शेवटी जुना हातच लागतो. पोरगी शिकली, पण घोळ निस्तरायला बापच लागला."

योगिनी खाली वाकून वायर गुंडाळू लागली. तिचे कान लाल झालेले महिपतीला दिसले. गप्प बसलं असतं तरी चाललं असतं. गिऱ्हाईक राहिलंच होतं.

"चंद्राबाई," तो म्हणाला, "तार तिनं बरोबर लावली व्हती. सणसरला ती मी फिरवली. घोळ माजा हाय."

"आगं बया! अन् पोरीला नावं ठेवू दिलंत मला?"

"दिलं."

चंद्राबाईंनी कपाळाला हात लावला, मग हसत हसत नवरात्राचे सगळे दिवस ठरवले आणि एसटी गाठायला निघाल्या.

दुकानात दोघंच उरले. महिपतीनं काविया स्टँडवर ठेवला.

"योगे, आता तर सांगितलं मी. सोमवारचं काय? जाणार हायस?"

योगिनीनं पेटीचं झाकण बसवलं, पेटी खांद्याला लावली आणि दुकानाच्या टेम्पोकडं चालू लागली. "सोमवारी नवरात्राच्या पेट्या तपासायच्या हायत," ती म्हणाली, "पण उघडायच्या आधी मला इचारायचं."